वरची मर्यादा

४ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचे अक्षर ओळखीचे वाटून तू दचकली असशील, तर योग्य कारणाने दचकलीस. गेल्या तीन वर्षांत तुला माझी जी दोन-चार कामापुरती पत्रे आली, त्यांतले अक्षर ओळीगणिक आक्रसत शेवटी मुंगीएवढे होत असे. "ताईने काय तांदळावर लिहायला घेतलंय?" असे तू वहिनीला फोनवर विचारल्याचे माझ्या कानावर आले होते. विनोद म्हणून ते बरे होते. निदान म्हणून तर फारच बरे होते, कारण पार्किन्सनच्या आजारात अक्षर असेच बारीक होत जाते. आमच्या पहिल्या डॉक्टरांना मात्र हे ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहून "वयपरत्वे" एवढाच शब्द उच्चारला. एवढ्या भांडवलावर मी कोणालाही पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाऊ दिले नसते.

हे अक्षर माझे आहे. कोणाकडून लिहून घेतलेले नाही. वेलांट्या पाहा.

मागच्या पावसाळ्यानंतर मी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. वयाने लहान आहेत, बोलण्यात नेमक्या आहेत, आणि ठाऊक नसेल तेथे "ठाऊक नाही" म्हणतात. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला त्यांनी औषधाची चिकटपट्टी सुरू केली. ती खांद्यावर लावायची. औषध कातडीतून रात्रंदिवस झिरपत राहते, त्यामुळे गोळीसारखी भरती-ओहोटी नाही. पहिल्या महिन्यात मला सदऱ्याची गुंडी लावता आली. दुसऱ्या महिन्यात मी चिमटा हाती धरला आणि वाळलेल्या नेच्याचे पान, कडेचा एकही दाता न मोडता, एका कागदावरून दुसऱ्यावर ठेवले. वनस्पतींचे नमुने कागदावर चढवण्यात जिचे आयुष्य गेले, तिला यापलीकडे काय सांगायचे, हे तुला तरी फोड करून लिहायला नको. मी त्या पानाकडे पाहत राहिले. रडले नाही. मी रडले असे वहिनी सांगते, तिचे तिच्यापाशी.

आता लिहिण्याचे कारण. डॉक्टरीणबाईंना एक शंका आहे. हे औषध काही माणसांच्या मनाला एकाच कामाला जखडून टाकते म्हणे. कोणी दिवसभर पत्ते मांडतो, कोणी घड्याळे खोलतो. माझ्या कामाचा वेग पाहून त्यांना तसे वाटले. अर्थात पाहिले त्यांनी नाही, सांगितले वहिनीने. वहिनीची साक्ष मला मान्य नाही. लग्न होऊन ती या घरात आली त्याच आठवड्यात तिने फडताळात लावलेली भांडी उतरवून मी आकारमानाप्रमाणे पुन्हा लावली, तेव्हापासून माझ्याविषयीचे तिचे मत पक्के आहे, आणि दादा गेल्यावर ते सौम्य करायलाही कोणी उरले नाही.

म्हणून त्यांना आजाराआधीपासून मला ओळखणाऱ्या, या घरात न राहणाऱ्या माणसाशी बोलायचे आहे. पाठची बहीण म्हणून असे माणूस तूच. त्या तुला फोन करतील. आपण इतकी वर्षे बोललो नाही, याचा या प्रश्नाशी संबंध नाही. तू फक्त सत्य सांग: ताई पहिल्यापासून अशीच आहे. एवढे वाक्य पुरेल. ते मिळाले तर पट्टी राहील. न मिळाले तर पट्टी जाईल, आणि पट्टीबरोबर माझा हात जाईल.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझे पत्र पोचले. मी एक वाक्य मागितले होते, तू एक प्रश्न पाठवलास: "दिवसभर करतेस तरी काय?"

काम करते. महाविद्यालयाच्या संग्रहालयात सध्या जात नाही. तेथील विभागप्रमुख माझाच विद्यार्थी, त्याने दाराचे कुलूप बदलले आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही आता घरी आराम करा, आम्ही आहोत ना." ते आहेत म्हणूनच मला जावे लागत होते. कपाटांतले गठ्ठे मी कुळांनुसार पुन्हा लावत होते, तर त्याला म्हणे काही सापडेना. सापडत नाही हा दोष शोधणाऱ्याचा.

तेव्हा घरी, मागच्या खोलीत. तेथे तुझी कपाटे आहेत. बारा वर्षे डोंगर पालथे घालून तू जमवलेले, आणि एका सभेत मी चार चुका दाखवल्या म्हणून एका बॅगेनिशी परदेशी निघून जाताना जसेच्या तसे टाकून गेलेले तुझे नमुने. त्यांना मी हात लावला नव्हता. आता लावते आहे, तुझ्याच हिताकरिता. चढवणी ओबडधोबड आहे; देठांवर डिंक थापलेला. आणि तुझी लेबले! "ओढ्याजवळ, उतारावर." कोणत्या ओढ्याजवळ? जगात ओढा एकच आहे काय? "सकाळी, धुके होते." हे लेबल आहे की भावगीत? मी ती पाण्याने सोडवून घेते, तुझ्या जुन्या नकाशांवरून ठिकाण नक्की करते आणि नव्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिते. असे अक्षर मला पस्तिशीतही नव्हते. तू पाहशील तेव्हा तुला मान्य करावे लागेल.

वहिनी दारात उभी राहते. काल म्हणाली, "वन्सं, सकाळी बसलात ते बसलात. दिवे लागायची वेळ झाली."

मी म्हणाले, "मग दिवा लाव."

"पायांकडे बघा तुमच्या. सुजून भोपळे झालेत."

"पायांनी लिहीत नाही मी."

"ताट तसंच आहे सकाळचं. निदान झाकण तरी काढायचं, वास घेऊन पोट भरलं असतं."

तिची जीभ अशी चालते आणि मग ती डॉक्टरीणबाईंना सांगते की मी जेवत नाही. जेवते. काल एक ओळ अर्धी होती, एवढेच.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला की उचल. त्यांनी दोनदा केला, तू उचलला नाहीस. या महिन्याअखेर माझी तपासणी आहे आणि त्यांनी तोवर पट्टीची मात्रा आहे तेथेच धरून ठेवली आहे. ती पुरत नाही. दुपारनंतर अंगठा किंचित हलू लागतो. वाढवून हवी आहे. ते तुझ्या वाक्यावर अडले आहे, हे विसरू नकोस.

ताई


७ मार्च

मजकुराला मायना नाही. आज तो मला सुचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुझे बोलणे उतरवून घेतले होते. मी मागितल्यावर त्यांनी ते मला वाचून दाखवले. "ताई कडक होती. तिच्या हाताखाली काम करणं म्हणजे काट्यावरून चालणं. पण ती थांबायची. काम झालं की हात धुवायची, दार ओढून घ्यायची, आणि मग आम्हाला कोणाला सुट्टी नाही, सगळ्यांनी बसून चहा प्यायचा. डॉक्टर, ती थांबायची."

तू मला इतकी वर्षे भेटलेली नाहीस आणि एका फोनवर माझे निदान करून मोकळी झालीस. शाबास.

त्यांनी मला विचारले, "मागच्या खोलीतलं काम करताना, आता झालं, असं शेवटचं कधी वाटलं होतं तुम्हाला?"

प्रश्नाची रचना सदोष होती. "झालं" म्हणजे काय हे आधी ठरवायला नको का? त्या थांबल्या. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत राहिले. त्यातल्या बाणांची टोके नेमक्या भागांवर पोचत नव्हती.

निकाल असा: पट्टी टप्प्याटप्प्याने उतरवायची. एकदम काढली तर माणूस कोलमडते. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या, आणि मग एका नव्या उपचाराचा विचार करायचा, ज्याविषयी त्यांनी मला सांगितले आणि मी ऐकले नाही. घरी उतरताना मी रिक्षावाल्याच्या हातात सुटे पैसे ठेवीत होते आणि ते खाली पडले. वहिनी वाकली. "राहू द्या, मावशी," म्हणाला तो बिचारा, वहिनीला. मला नाही. माझ्याकडे पाहून लोक आता आवाज बारीक करतात.

तुला कदाचित वाटत असेल की तू माझ्या भल्याचे बोललीस. तू तुझ्या कपाटांचे भले पाहिलेस. मी तुझी लेबले सुधारते, हे तुला सहन होत नाही. सभेत झाले नव्हते, आजही होत नाही.

आणि तू वहिनीकडून ऐकण्याआधी मीच सांगते, म्हणजे तुम्हा दोघींना कुजबुजायला विषय राहणार नाही. नवी पट्टी लावताना जुनी काढायची राहिली, असे काही वेळा घडले. विसरले, असे मी डॉक्टरीणबाईंना सांगितले आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या चौकोनी लाल खुणा पाहिल्या आणि "विसरलात?" एवढेच म्हणाल्या. उरलेला खोका वहिनीच्या ताब्यात देण्यात आला आहे. ती तो कमरेच्या किल्ल्यांसारखा मिरवते.

यापुढे लिहायचे काही नाही.


२ एप्रिल

(धाकट्या वन्सं, अक्षर माझं आहे, मजकूर मोठ्या वन्संचा. त्यांना पेन धरवत नाही. कंसातलं माझं. ते त्यांना वाचून दाखवणार नाही. — वहिनी)

भिंगरी,

हे पत्र मी सांगते आहे आणि वहिनी उतरवते आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी माझी नाही.

(सुरुवातच बघा.)

पट्टी पूर्ण उतरली. मधले दिवस वाईट गेले. घाम सुटे, उगाच भीती वाटे, अंगावरचे कातडे उलटे घातल्यासारखे होई. डॉक्टरीणबाईंनी हे होईल असे आधीच सांगितले होते. अंदाज अचूक निघाल्याबद्दल मी त्यांचे अभिनंदन केले.

(अभिनंदन कसलं! "तुम्ही मला संपवलंत" म्हणून ओरडल्या त्यांच्यावर. त्या शांतपणे पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या समोर.)

हात पुन्हा हलतो. दारांत पाय अडतात. जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे होते आणि वरची मी पुढे जाते. नाही, पुसून टाक. वरचा भाग पुढे जातो, असे लिही. सोमवारी मला मागच्या खोलीत जायचे होते. उंबरठ्याशी पाय उचलेनात.

(मी माझं पाऊल आडवं ठेवलं आणि म्हटलं, ह्याच्यावरून टांग टाका. डॉक्टरांनी शिकवलंय तसं. वहिनीला ओलांडायचं म्हटल्यावर लगेच गेला पाय पुढे.)

आत गेले. आता नीट उतरवून घे, एकही शब्द गाळू नकोस.

नमुने जुन्या वर्तमानपत्रांच्या थप्प्यांत होते. उघडे. एकाही कागदावर चढवलेले नाहीत. मी सगळे सोडवले होते आणि परत एकही लावला नव्हता. माझ्या स्मरणात मी ते लावत होते. मला शपथेवर विचारले असते तर मी शपथ घेतली असती.

टेबलावर लेबलांचे गठ्ठे होते. अक्षर निर्दोष. पहिल्या गठ्ठ्यात निरनिराळी झाडे, निरनिराळे डोंगर. दुसऱ्या गठ्ठ्याच्या मध्यापासून एकच नेचा. तोच ओढा, तीच तारीख, तेच अक्षर. मी एकामागून एक उलटत गेले. तिसरा गठ्ठा तोच. चौथा तोच. खोक्यातले तेच. पलंगाखालचे तेच.

(इथे मागची ओळ परत वाचून दाखवायला लावली.)

तुझी मूळ लेबले मी पाण्यात सोडवत असे. ती कोठे आहेत म्हणून वहिनीला विचारले.

(मी म्हटलं, घमेल्यातला लगदा ना? तुम्हीच सांगितलंत टाकून दे म्हणून. मी टाकला मोरीत. मला काय ठाऊक!)

मी वहिनीला विचारले, तू रोज दारात उभी राहत होतीस. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली तुला दिसली नाही?

ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहू दे.

(मी म्हटलं, दिसली. मला वाटलं, प्रती काढताय. मग वाटलं, वन्संना पसंत पडत नसेल, म्हणून परत लिहितायत. तुम्हाला चूक दाखवायची, वन्सं? मी? तीस वर्षांत कोणी दाखवली आहे का ह्या घरात?)

मी वर्गात शिकवत असे की, ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना म्हणजे गवत. तुझ्या बारा वर्षांपैकी किती गवत झाले, हे सांगण्याची माझी योग्यता नाही. पाने पाहून नाव मी सांगू शकेन. कोणत्या डोंगरावर, कोणत्या सकाळी, हे फक्त तू.

एवढे पुरे. खाली नाव घालू नकोस, मीच घालते.

(प्रयत्न केला. तो डाग म्हणजे सही.)


८ नोव्हेंबर

भिंगरी,

हे मी स्वतः लिहिते आहे, आणि तीन दिवस लिहिते आहे. वाचता येत नसेल तेथे वहिनीला फोन कर. तिला आता माझी नक्षी वाचता येते.

मे महिन्यात तुझे उत्तर आले होते: "येईन तेव्हा ओळखीन तेवढे ओळखीन. उरलेल्याचं गवत. तू तोवर कशाला हात लावू नकोस." मी हात लावलेला नाही. खोलीला कुलूप आहे. त्यापुढे तू आणखी काही लिहिले नाहीस, आणि कधी येणार तेही नाही. मी विचारले नाही. आता विचारते, आणि तारखेसह विचारते.

मागच्या महिन्यात माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, आणि गळ्याच्या हाडाखाली कातडीत एक चपटे यंत्र, साबणाच्या लहान वडीएवढे. नव्या जातीचे आहे. मेंदूतल्या लहरी स्वतः ऐकते आणि त्यांप्रमाणे वीज कमी-जास्त करते. यामुळे आजार बरा होत नाही. कंप, ताठरपणा, गोळ्यांचे चढ-उतार यांना वेसण बसते. कोणाला पुष्कळ, कोणाला थोडी. काहींचे बोलणे अडखळू लागते. हे सारे त्यांनी मला आधी सांगितले, आणि या वेळी मी ऐकले. सध्या यंत्र बंद आहे. जखमा भरल्यावर, एकोणतीस तारखेला सकाळी, ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सुरू करायचे आहे.

आता जे सांगते ते मी वहिनीलाही सांगितलेले नाही.

तारा बसवताना मला जागे ठेवले होते. डोके चौकटीत घट्ट, हात मोकळा. वीज थोडी थोडी वाढवून पाहत होते, आणि मला पाटीवर गोगलगाईसारखी गुंडाळी काढायला सांगत होते. पहिल्या गुंडाळीला काटे फुटले. तिसरी बरी आली. मग एकदम हात शांत झाला. पाण्यावरचा वारा पडतो तसा. मी एका दमात गुंडाळी काढली, कडा स्वच्छ, अंतरे सारखी. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "अजून."

त्यांनी एक टप्पा वाढवला. मला उत्तम वाटले. फारच उत्तम वाटले. मला शेजारच्या तबकातली हत्यारे दिसू लागली. ती लांबीप्रमाणे लावलेली नव्हती. मी ते सांगितले. कोणती कोठे हवी हेही सांगितले. सगळे हसले. शल्यविशारद म्हणाले, "बाई एकदम फॉर्मात आल्या!" परिचारिका म्हणाली, "ह्या तशाच आहेत हो, कालपासून उशा सारख्या करायला लावतायत."

त्या हसण्यात मी घाबरले. वर्णन मी करू शकणार नाही. त्यांना वाटले मी परत आले. आणि मला आतून दिसत होते की कोण आले होते: मागच्या खोलीतली ती. तिच्यात आणि माझ्यात बाहेरून काडीचा फरक नाही. तिला माझीच जीभ आहे, माझीच पदवी आहे. मी म्हणाले, "एक टप्पा खाली." हे म्हणायला मला जितके बळ लागले, तितके मी आयुष्यात कशालाही लावलेले नाही. आणि पुढच्या वेळी ते लागेल याची खात्री नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुढचे समजावून सांगितले. यंत्राची एक वरची मर्यादा त्या ठरवून बंद करतील. मग घरी माझ्या हाती एक लहान रिमोट असेल. त्या मर्यादेच्या आत मी स्वतः कमी-जास्त करू शकेन. ती ओलांडता येणार नाही.

"आणि मर्यादा कोण ठरवणार?" मी विचारले.

"आपण दोघी मिळून. मी वाढवत जाईन, तुम्ही सांगायचं, कसं वाटतंय ते."

"मला उत्तम वाटेल," मी म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुमच्या बाजूला कोणीतरी हवं. तुम्हाला ओळखणारं."

वहिनी येईल, ती रोजच येते. पण वहिनी मला घाबरते, आणि घाबरणारे माणूस या कामाला चालत नाही. विद्यार्थी माझ्यापुढे उभे राहत नाहीत. दादा नाही. माझ्या तोंडावर उठून, खुर्ची मागे लोटून, दार आपटून निघून जाणारी या जगात एकच व्यक्ती झाली. त्याबद्दल माझे मत काय होते, ते तुला ठाऊक आहे. आता मला ती व्यक्ती त्या खोलीत हवी आहे.

काय होईल ते मी क्रमाने सांगते, कारण माझा स्वभाव मला तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. सुरुवातीला मी शहाण्यासारखी वागेन. हात थांबू लागेल तेव्हा तुझ्याकडे पाहून हसेन. तुला वाईट वाटेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि तू म्हणशील, मिळू दे तिला अजून थोडे. तेथे सावध राहा. मग माझा हात अगदी स्थिर होईल, आणि मी अजून मागेन. तू "बास" म्हणशील. मी म्हणेन, तुला यातले काय कळते. म्हणेन, तू माझ्या हातावर सूड उगवते आहेस. तुझ्या कपाटांचा विषय काढीन, आणि ज्या गोष्टीबद्दल मला तुझ्यापुढे मान वर करता येत नाही, तिच्यावरूनच तुला टोचीन. मी हे फार सुरेख बोलेन. मुद्देसूद, एकही वाक्य सैल नाही. तुला पटेल.

पटले तरी बास म्हण.

हाताला थोडा कंप राहील, तो राहू दे. गुंडाळीला काटे आले तर येऊ दे. मी चिमटा धरू शकणार नाही कदाचित. नमुने तू धर, मी नाव सांगीन, तू डोंगर सांग. जमेल तितके जमेल.

आज, शुद्धीवर असताना, मी हा अधिकार तुला देते. डॉक्टरीणबाईंना या पत्राची प्रत दिली आहे. त्या दिवशी मी तो परत मागेन, आणि त्या गोंधळून माझ्या तोंडाकडे पाहतील, कारण रुग्णाचे ऐकायचे अशी त्यांना शिकवण आहे. तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेव आणि सांग, तिच्याकडे नका पाहू, डॉक्टर. माझ्याकडे पाहा.

ताई